नागपूर स्टेशनवरून लांबचा प्रवास: कोणत्या दिशेची गाडी, कोणतं स्टेशन, तिकीट कसं मिळवायचं, सगळं सविस्तर

नागपूरचा माणूस अभिमानाने सांगतो की आपण देशाच्या मधोमध आहो, झिरो माईल आपल्याकडे आहे, आणि रेल्वेच्या बाबतीत तर हे अगदी खरं आहे. मुंबई सीएसएमटी ८३७ किलोमीटर, हावडा ११३१, आणि दिल्ली नि चेन्नई दोन्ही साधारण १०९० च्या आसपास. चारही बाजूंच्या गाड्या इथून जातात, दिवसरात्र जातात. पण तिकीट काढायला बसलं की वेटिंगच वेटिंग दिसते आणि माणूस म्हणतो एवढ्या गाड्या असून आपल्यालाच जागा का नाही. कारण सोपं आहे, बहुतेक गाड्या आपल्या नाहीतच, त्या दिल्लीच्या आहेत, चेन्नईच्या आहेत, हावड्याच्या आहेत, नागपूर त्यांच्या रस्त्यातलं एक स्टेशन आहे आणि रस्त्यातल्या स्टेशनला बर्थचा वाटा थोडाच मिळतो. ही एक गोष्ट नीट डोक्यात बसली की पुढचं सगळं प्लॅनिंग बदलते, म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिलं काम: आपली दिशा ओळखा

नागपूर जंक्शनला दोन टोकं आहेत. दक्षिणेच्या टोकाने गाडी अजनीवरून वर्ध्याकडे जाते आणि वर्ध्याजवळ दोन फाटे फुटतात, एक बडनेरा-अकोला-भुसावळ करत मुंबई-पुण्याकडे आणि दुसरा चंद्रपूर-बल्लारशाह करत हैदराबाद, चेन्नई, बंगळुरूकडे. उत्तरेच्या टोकाने परत दोन, एक गोधनी-काटोल-आमला-इटारसी करत भोपाळ-दिल्लीकडे आणि दुसरा इतवारी-कामठी-भंडारा रोड-गोंदिया करत रायपूर-बिलासपूर-हावड्याकडे. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण रूळ जिथे एकमेकांना आडवे कापतात तो डायमंड क्रॉसिंग स्टेशनजवळच मोहन नगरच्या बाजूला आहे, रेल्वेची आवड असलेले लोक मुद्दाम तो बघायला येतात.

हे समजून घेण्याचा फायदा काय तर दोन गोष्टी. एक म्हणजे वर्धा आणि सेवाग्राम ही वेगळी स्टेशनं आहेत, मुंबईच्या लाईनवर वर्धा लागते आणि चेन्नई-हैदराबादच्या लाईनवर सेवाग्राम, ज्याला जुने लोक अजूनही वर्धा ईस्ट म्हणतात. वर्ध्याच्या पाहुण्याला केरळ एक्सप्रेसमध्ये बसवलं तर तो सेवाग्रामला उतरेल आणि घ्यायला आलेला माणूस वर्धा स्टेशनवर उभा राहील. दुसरी गोष्ट, छत्तीसगढकडून येऊन नागपूरमार्गे दिल्लीला जाणाऱ्या गाड्या, जसं की गोंडवाना, त्या उत्तरेच्याच टोकाने आत येतात आणि उत्तरेच्याच टोकाने बाहेर पडतात, म्हणजे इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावते. अशा गाडीत डब्यांचा क्रम उलटा होतो, गोंदियाला जो डबा पुढे होता तो नागपूर सुटल्यावर मागे, त्यामुळे कोणाला पुढच्या स्टेशनवर भेटायला बोलावलं असेल तर हे सांगून ठेवा.

आणि हो, सगळ्या मोठ्या गाड्या नागपूरवरून जातात असं समजू नका. बंगळुरू-दिल्ली कर्नाटक एक्सप्रेस इटारसीवरून भुसावळ-मनमाडकडे वळते, पंजाब मेल पण तसाच, आपल्याकडे येतच नाही. नाव ऐकून ॲपवर शोधत बसायचं नाही.

दुसरं काम: स्टेशन कोणतं ते तिकिटावर बघा

नागपूरमध्ये 'स्टेशन' म्हटलं की सगळ्यांना एकच आठवते, जयस्तंभ चौकाजवळचं जुनं देखणं दगडी स्टेशन. मुंबईकडून रेल्वे इथे १८६७ मध्ये पोचली आणि आत्ताच्या इमारतीचं उद्घाटन १५ जानेवारी १९२५ ला झालं, म्हणजे तिने शंभरी पार केली आहे. पण लांबच्या गाड्या सुटायला आता तीन जागा आहेत.

अजनी हे दक्षिणेकडचं स्टेशन, शहराच्या पश्चिम-दक्षिण भागात राहणाऱ्यांना हेच जवळ पडते. पुण्याची वंदे भारत, जी ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली, ती अजनीवरून सुटते, नागपूर जंक्शनवरून नाही. मेट्रोने जाणार असाल तर इथे मोठा घोळ होतो तो असा की मेट्रोला 'अजनी चौक' नावाचं स्टेशन आहे आणि लोक तिथे उतरतात, पण ते वर्धा रोडवर आहे, रेल्वे स्टेशन तिथून बरंच लांब राहते. अजनी रेल्वे स्टेशनसाठी ऑरेंज लाईनचं काँग्रेस नगर मेट्रो स्टेशन सोयीचं.

इतवारी पूर्व नागपूरमध्ये आहे, आता त्याचं अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी. हे मध्य रेल्वेचं नाही, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं. नागपूरमध्ये दोन झोनची दोन डीआरएम म्हणजे विभागीय व्यवस्थापकांची ऑफिसं आहेत हे बाहेरच्या माणसाला पटत नाही पण आहेत. छिंदवाड्याची गाडी इतवारीवरून सुटते, आधी ती नॅरो गेज होती, आता ब्रॉड गेज झाली. त्या जुन्या छोट्या गाडीची आठवण बघायची असेल तर मोतीबागला नॅरो गेज म्युझियम आहे, २००२ मध्ये सुरू झालेलं, लहान मुलांना घेऊन नक्की जा, इंजिनं जवळून बघता येतात.

तर बुकिंग करताना 'फ्रॉम' मध्ये नागपूर टाकलं की अजनी, इतवारीचे पर्याय पण खाली दिसतात, ते नीट वाचा, आणि घरून निघायच्या आधी तिकिटावरचं बोर्डिंग स्टेशन परत एकदा वाचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकटं पाठवत असाल तर ऑटोवाल्याला पण स्पष्ट सांगा.

तिसरं काम: कुठे जायचं त्याप्रमाणे गाडी निवडा

मुंबईसाठी पहिला नंबर दुरांतोचा. ती नागपूरवरूनच बनून सुटते, रात्री निघून सकाळी सीएसएमटी, मध्ये थांबे अगदी मोजके. दुसरी सेवाग्राम एक्सप्रेस, ती पण नागपूरचीच. तिसरी विदर्भ एक्सप्रेस, जी गोंदियावरून येते पण नागपूरच्या लोकांची ती जुनी आवडती गाडी आहे. या तीन झाल्या की मग हावड्याकडून येणाऱ्या गीतांजली, मुंबई मेल वगैरे. मला विचाराल तर दिवसभराची गीतांजली मुंबईसाठी घेऊ नये, हावड्यापासून भरून येते, तिच्यात वेटिंग सुटायची आशा कमी. काही गाड्या सीएसएमटीला न जाता लोकमान्य टिळक टर्मिनसला म्हणजे कुर्ल्याला जातात, ठाणे-कल्याणला उतरणाऱ्याला फरक पडत नाही पण गिरगाव-दादरला जायचं असेल तर बघून घ्या.

पुण्याचं दुखणं सगळ्यात मोठं. इकडच्या अर्ध्या घरातला एक तरी पोरगा-पोरगी पुण्यात शिकते नाहीतर आयटीत आहे, आणि दिवाळीला सगळ्यांना एकाच आठवड्यात यायचं असते. नागपूर-पुणे सुपरफास्ट आणि गरीबरथ या आठवड्यातल्या ठराविक दिवशी चालतात, हावडा-पुणे आझाद हिंद रोज आहे, बिलासपूर-पुणे पण आहे, महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियावरून निघून पुण्यावरून कोल्हापूरला जाते. आणि आता अजनी-पुणे वंदे भारत, सकाळी निघून साधारण १२ तासात पोचवते, वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव, भुसावळ, जळगाव, मनमाड, अहिल्यानगर, दौंड असा रस्ता. पूर्ण दिवस बसून जायची तयारी असेल तर चांगली आहे, पण आठवड्यातून एक दिवस ती बंद राहते आणि बसूनच जायची गाडी आहे, बर्थ नाही. कंबरेचा त्रास असलेल्या आई-बाबांना मी तरी रात्रीचीच गाडी सुचवीन.

कोल्हापूर-पंढरपूरसाठी अजून एक रस्ता फार लोकांना माहीत नसते. नागपूर-कोल्हापूर एक्सप्रेस आठवड्यातले काही दिवस अकोला-हिंगोली-परभणी-लातूर-पंढरपूर-मिरज अशी जाते. पंढरपूरला जाणाऱ्या वारकरी मंडळींना ही सरळ पडते, मध्ये गाडी बदलायची गरज नाही.

दिल्लीला गाड्यांची कमी नाही. ग्रँड ट्रंक म्हणजे आपली जीटी, तामिळनाडू, केरळ, तेलंगणा, आंध्र प्रदेश एक्सप्रेस या नवी दिल्लीला जातात, दक्षिण आणि गोंडवाना निजामुद्दीनला. राजधानी पण बंगळुरू, चेन्नई, सिकंदराबाद आणि बिलासपूरकडून येतात. जीटी १९२९ मध्ये सुरू झाली तेव्हा ती पेशावर ते मंगळूर धावायची, आणि त्याच वर्षी काझीपेठ-बल्लारशाह जोड पूर्ण होऊन दिल्ली-मद्रास सरळ लाईन झाली, तेव्हापासून नागपूर खऱ्या अर्थाने चौरस्ता झालं. या रस्त्यावर दिवसाउजेडी जायला मिळालं तर खिडकी सोडू नका, बैतूलच्या पुढे मरामझिरी ते धाराखोह हा सातपुड्याचा घाट पावसाळ्यात इतका हिरवा राहते की डोळे निवतात.

हैदराबादसाठी सिकंदराबाद वंदे भारत पहाटे निघते आणि सव्वासात तासाच्या आसपास पोचवते, रात्रीची झोप गाडीत हवी असेल तर मग दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा जुळवा. चेन्नईला जीटी आणि तामिळनाडू, बंगळुरूला राजधानी, संघमित्रा, कर्नाटक संपर्क क्रांती. बंगळुरू आणि हैदराबाद दोन्हीकडे शेवटचं स्टेशन प्रत्येक गाडीचं वेगळं असते, सिकंदराबाद वेगळं, हैदराबाद डेक्कन वेगळं, काचीगुडा वेगळं.

बिलासपूर-रायपूरला वंदे भारत दुपारी नागपूरवरून सुटते, ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी नागपूर स्टेशनवरूनच तिला झेंडी दाखवली होती. इंदूरची वंदे भारत पण दुपारचीच, भोपाळवरून जाते. हावड्याला गीतांजली, मेल, आझाद हिंद, अहमदाबाद-हावडा. गुजरातकडे प्रेरणा एक्सप्रेस आहे, नागपूरवरून सुटणारी, तिचे दिवस बघून घ्या. जबलपूरला अमरावतीवरून येणारी गाडी रात्री सोयीची.

वेळा इथे मुद्दाम देत नाही कारण त्या बदलतात. रेल्वेच्या एनटीईएस नाहीतर रेलवन ॲपवर गाडीचं नाव टाकून त्या दिवशीचीच वेळ बघायची.

चौथं काम, सगळ्यात महत्त्वाचं: तिकीट

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे येतो. वेटिंगचे प्रकार असतात आणि तिकिटावर ते छापलेले असतात, लोक नुसता नंबर बघतात आणि अक्षरं सोडून देतात. जीएनडब्ल्यूएल म्हणजे जनरल वेटिंग, गाडी जिथून सुटते तिथल्या कोट्याचं, हे सगळ्यात आधी कन्फर्म होते. आरएलडब्ल्यूएल म्हणजे रस्त्यातल्या स्टेशनच्या छोट्या कोट्याचं आणि पीक्यूडब्ल्यूएल म्हणजे चार स्टेशनांनी मिळून वाटलेल्या कोट्याचं, ही दोन्ही उशिरा नि कमी सुटतात. नागपूरवरून दिल्लीला केरळ एक्सप्रेसमध्ये आरएलडब्ल्यूएल २० असेल तर तिच्या भरवशावर राहू नका, आणि मुंबईला दुरांतोत जीएनडब्ल्यूएल २० असेल तर बऱ्यापैकी आशा ठेवा. म्हणून माझा नेहमीचा सल्ला एकच, आधी नागपूर किंवा अजनीवरून सुटणाऱ्या गाड्या बघा, तिथे नाही मिळालं तर विदर्भातून सुटणाऱ्या, आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या.

बुकिंग आता ६० दिवस आधी उघडते, आधी १२० होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. सकाळी ८ वाजता उघडते. ऑनलाईन काढायचं असेल तर आयआरसीटीसी अकाउंटला आधार जोडून ठेवा, हे आजच करा, कारण १ ऑक्टोबर २०२५ पासून आधी पहिली १५ मिनिटं आणि जानेवारी २०२६ पासून बुकिंग उघडायचा पूर्ण पहिला दिवस आधार व्हेरिफाय असलेल्यालाच ऑनलाईन तिकीट निघते, आणि दिवाळीचं तिकीट तर पहिल्या १५ मिनिटातच संपते. तत्काळला तर जुलै २०२५ पासून आधार लागतेच. तत्काळ गाडी सुटायच्या एक दिवस आधी, एसीचं १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. इथे एक बारकी गोष्ट, तो एक दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजतात. चेन्नईवरून सोमवारी निघालेली गाडी नागपूरला मंगळवारी येत असेल तर तत्काळ रविवारी उघडते, सोमवारी नाही. नागपूरवाल्यांचं तत्काळ हुकायचं हे मोठं कारण आहे, कारण आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्या आदल्या दिवशी निघालेल्या असतात.

नागपूरच्या कोट्यात जागा नाही पण गाडीत आहे असं पण होते. तेव्हा गाडी जिथून सुटते तिथून तिकीट काढा आणि बोर्डिंग नागपूर टाका. विदर्भ एक्सप्रेसला गोंदियावरून काढलं तर साधारण १३० किलोमीटरचे जास्तीचे पैसे जातात पण बर्थ मिळते, आणि हे पूर्ण नियमात आहे. बोर्डिंग बुकिंगच्या वेळीच नागपूर करून टाका, नाहीतर तुम्ही गोंदियाला चढला नाही म्हणून टीटीई तो बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो.

अजून एक रस्ता अमरावतीचा. अमरावती-मुंबई एक्सप्रेस अमरावतीवरून बनून सुटते, नागपूरवरून बसने अमरावती गाठायची नि तिथून रात्रीची गाडी. मुंबईचं काहीच मिळत नसेल तेव्हा हा पर्याय बघाच.

गर्दीचे दिवस कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, त्या आठवड्यात सगळ्या दिशांच्या गाड्या आणि स्टेशन दोन्ही भरलेले, जनरल डब्यात तर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा आणि ६ डिसेंबरला मुंबईसाठी स्पेशल गाड्या सुटतात, त्यांची घोषणा थोडे दिवस आधीच होते, लक्ष ठेवा. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन असते, मुंबईच्या गाड्यांचे एसी डबे शुक्रवारी संध्याकाळी इकडून आणि रविवारी रात्री तिकडून अगदी पॅक असतात. त्या दिवसात प्रवास मंगळवार-बुधवारला ढकलता आला तर ढकला.

रात्रीच्या गाडीचा चार्ट आता सुटायच्या निदान १० तास आधी बनते, त्यामुळे दुपारपर्यंतच कळते. ऑनलाईन काढलेलं तिकीट चार्टनंतर पूर्ण वेटिंगच राहिलं तर आपोआप कॅन्सल होऊन पैसे परत येतात आणि तुम्हाला त्यावर गाडीत चढता येत नाही. खिडकीवरचं वेटिंग तिकीट असेल तरी स्लीपर-एसीत बसायची परवानगी नाही, ते जनरलमध्येच चालते. 'चल बसून जाऊ, टीटीईशी बोलून घेऊ' हे दिवस गेले, घरच्यांना पण समजावून सांगा.

पाचवं काम: स्टेशनला पोचणं आणि आत शिरणं

स्टेशनला दोन बाजू आहेत. पश्चिमेची मुख्य बाजू म्हणजे जयस्तंभ चौक, कस्तुरचंद पार्क, समोर सीताबर्डीचा किल्ला. पूर्वेची बाजू संत्रा मार्केटकडे उघडते. सिव्हिल लाईन्स, सदर, धरमपेठकडून येणाऱ्याने पश्चिमेकडून यावं, प्लॅटफॉर्म १ त्याच बाजूला लागते. इतवारी, महाल, गांधीबाग, वर्धमान नगरकडून येणाऱ्याने उगाच रामझुला चढून पश्चिमेला यायची गरज नाही, संध्याकाळी त्या पुलावर ट्रॅफिक फार असते, संत्रा मार्केटकडूनच आत शिरा.

मेट्रोने येत असाल तर ॲक्वा लाईनवर 'नागपूर रेल्वे स्टेशन' नावाचंच मेट्रो स्टेशन आहे, कॉटन मार्केटच्या पुढचं, पूर्वेकडून जवळ. खापरी, एअरपोर्ट किंवा कामठी रोडकडून ऑरेंज लाईनने येणाऱ्याने सीताबर्डी इंटरचेंजला उतरून ॲक्वा लाईन पकडायची. पहाटेच्या गाडीला मात्र मेट्रो मिळत नाही, ऑटो रात्रीच ठरवून ठेवा. एसटीने बाहेरगावून येणाऱ्यांना गणेशपेठ बसस्टँड स्टेशनपासून फार लांब नाही, सामान कमी असेल तर ऑटोला दहा मिनिटं.

स्टेशनचं आणि अजनीचं मोठं काम चालू आहे, २०२२ मध्ये पायाभरणी झाली, नागपूरसाठी सुमारे ५९० कोटी नि अजनीसाठी ३६० कोटी. त्यामुळे पार्किंग, आत जायचे रस्ते, पादचारी पूल हे मधूनमधून बदलत राहतात. गेल्या दिवाळीला जिथून आत गेलो तिथूनच यावेळी जाता येईल असं धरू नका, अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवून निघा. एकूण ८ प्लॅटफॉर्म आहेत, लिफ्ट आणि सरकते जिने आहेत पण सगळ्या प्लॅटफॉर्मवर सारखे नाहीत, व्हीलचेअर लागणार असेल तर आधी १३९ वर फोन करून किंवा स्टेशनवर पोचताच डेप्युटी एसएस म्हणजे उपस्टेशन अधीक्षकाच्या ऑफिसात सांगा. डब्याची जागा दाखवणारे बोर्ड प्लॅटफॉर्मवर लागतात, गाडी यायच्या आधी आपल्या डब्याखाली उभे राहा, कारण नागपूर मधलं स्टेशन असल्यामुळे गाडी थोडाच वेळ थांबते आणि नागपूरला एकाच वेळी चढणारे-उतरणारे दोन्ही भरपूर.

खायचं म्हणाल तर रात्रीच्या गाडीला घरचाच डबा. सकाळी उतरणाऱ्या पाहुण्याला कस्तुरचंद पार्कच्या बाजूला तर्री पोहे खाऊ घाला, आणि बाहेरगावी नेण्यासाठी संत्रा बर्फी घ्यायची असेल तर स्टेशनवर पोचायच्या आधीच घेऊन ठेवा, शेवटच्या मिनिटाला स्टॉलवर रांगेत उभं राहणं परवडत नाही.

मध्ये बरेच तास काढायचे असतील, म्हणजे हैदराबादवरून सकाळी आले नि गोंदियाला संध्याकाळी जायचं, तर क्लोक रूमला सामान ठेवता येते, पण प्रत्येक बॅगला कुलूप पाहिजे, चेनला छोटं कुलूप लावून आणा. झोपायचं असेल तर रिटायरिंग रूम आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून आधीच बुक होते. तब्येत बिघडली तर मेयो हॉस्पिटल स्टेशनच्या अगदी जवळ आहे.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या धुक्यामुळे तासन्‌तास लेट असतात, त्या गाडीने नागपूरला येऊन पुढे मुंबईची दुसरी गाडी पकडायची असेल तर मध्ये निदान रात्रभराचं अंतर ठेवा, आणि शक्य असेल तर दोन्ही तिकिटं कनेक्टिंग जर्नी म्हणून पीएनआर जोडून काढा. तसं केलं आणि पहिली गाडी लेट झाल्यामुळे दुसरी सुटली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे मागता येतात, फक्त नागपूरला उतरल्यावर ३ तासांच्या आत त्यासाठी अर्ज करायचा, घरी जाऊन झोपून उठल्यावर नाही.